प्रोस्टेटची कॅप्सूल: साधी टॅमसुलोसिन की ड्युटास्टेराइडची जोडगोळी?

साठीच्या आसपास लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते, सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली दिसते आणि चिठ्ठीवर बहुधा टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम येते. मेडिकलमध्ये ती युरिमॅक्स, वेल्टॅम अशा नावांनी मिळते, जनऔषधी केंद्रात नुसत्या मूळ नावाने. औषध चांगले आहे. फरक काही दिवसांतच जाणवू लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत कॅप्सूल कितपत लागू पडते ते कळते. मात्र ती ग्रंथी लहान करत नाही. प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करणे, एवढेच तिचे काम. त्यामुळे बरे वाटले म्हणून मनानेच बंद केली की त्रास परत डोके वर काढतो.

घ्यायची वेळ ठरलेली हवी: रोज एकाच जेवणानंतर, साधारण अर्ध्या तासाने. रिकाम्या पोटी हे औषध जास्त शोषले जाते आणि रक्तातली त्याची कमाल पातळी ४० ते ७० टक्क्यांनी वर जाते. मग उभे राहताना रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो. एकादशी-चतुर्थीचा उपवास करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्या दिवशी नुसत्या चहावर कॅप्सूल घेऊ नये. पोटभर फराळ असेल त्यानंतर घ्यावी. निर्जळी उपवास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे, कारण अंगातले पाणी कमी झाले की रक्तदाब आणखी सहज उतरतो.

आपल्याकडे ती बहुतेक जण रात्री घेतात. झोपेत चक्कर जाणवत नाही, हा त्यामागचा विचार. पण जेवणानंतर घेतलेल्या कॅप्सूलची पातळी सहा-सात तासांनी शिखरावर पोचते. म्हणजे नऊला घेतली तर तीन-चारच्या सुमारास, नेमके लघवीला उठायच्या वेळी. ब्रिटनमधल्या माहितीपत्रकांत ती न्याहारीनंतर घ्यायला सांगतात. रात्री उठताना तोल जात असेल तर वेळ बदलून मिळेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. तोवर पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटे बसावे, वाटेत दिवा चालू ठेवावा आणि रात्रीपुरती बसूनच लघवी करावी. भारतीय बैठकीच्या संडासातून उठताना भिंतीचा किंवा दांडीचा आधार घ्यावा. उकिडव्यावरून झटक्यात उभे राहणे हा या गोळीवरच्या माणसासाठी दिवसातला सर्वांत धोक्याचा क्षण असतो. पहिल्या काही दिवसांत, आणि डोस वाढवल्यावर, स्कूटर चालवू नये.

कॅप्सूल अख्खी गिळायची. आतले बारीक दाणे औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेले असतात. गिळायला जड जाते म्हणून कॅप्सूल उघडून दाणे चावले किंवा कुटले, तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी, खाल्ल्यानंतर घ्या. दिवस उलटून गेला असेल तर ती सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. गावाला गेल्यावर सलग काही दिवस खंड पडला असेल तर डॉक्टरांना कळवून ०.४ पासूनच सुरुवात करायची, कारण भोवळीचा धोका पहिल्या दिवसासारखा परत येतो. रोज दोन कॅप्सूल घेणाऱ्यांनाही हाच नियम.

आता जोडगोळी. युरिमॅक्स डी किंवा वेल्टॅम प्लसमध्ये टॅमसुलोसिनच्या जोडीला ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम असते, युरिमॅक्स एफमध्ये फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम. नावाच्या शेवटच्या एका अक्षराने औषध बदलते, म्हणून स्ट्रिपवरचा मजकूर चिठ्ठीशी ताडून पाहावा. आमचे मत स्पष्ट आहे: ही जोडगोळी सरसकट सगळ्यांसाठी नाही. ड्युटास्टेराइड ग्रंथी खरोखर आकसवते, पण त्याचा उपयोग आधीच मोठ्या झालेल्या ग्रंथीला. कॉम्बॅट या चार वर्षांच्या अभ्यासात ३० घनसेंटिमीटर किंवा त्याहून मोठी प्रोस्टेट असलेलेच रुग्ण घेतले होते. तिथे नुसत्या टॅमसुलोसिनच्या तुलनेत जोडगोळीने लघवी अचानक तुंबण्याचा किंवा शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी केला. फायदा मोठा आहे, पण त्यासाठी किमान तीन ते सहा महिने धीर धरावा लागतो. लहान ग्रंथीच्या माणसाला मात्र कामेच्छा कमी होणे, ताठरता कमी पडणे, छाती दुखरी होणे किंवा वाढणे असे त्रासच पदरात पडू शकतात. वीर्य कमी येणे किंवा अजिबात न येणे हे साध्या टॅमसुलोसिननेही होते. ते घातक नाही. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे.

जोडगोळी सुरू करण्यापूर्वी पीएसएची (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची) रक्ततपासणी करून आकडा लिहून ठेवा. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइडने सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर येतो. त्यानंतरच्या रिपोर्टमधले २.४ हे ४.८ समजून वाचायचे असतात. लॅबला याची कल्पना नसते, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येते आणि कर्करोगाची खूण नजरेआड राहू शकते. गोळी चालू असताना खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर तो छापील मर्यादेत असला तरी मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावा.

ड्युटास्टेराइड अंगातून उतरायला महिने लागतात. म्हणून शेवटच्या गोळीनंतर सहा महिने रक्तदान करायचे नाही. ते रक्त गर्भवतीला दिले गेले तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. गळक्या कॅप्सूलला घरातल्या गर्भवतीने हात लावू नये, लागलाच तर लगेच साबणाने धुवावा. फिनास्टेराइडची फुटलेली गोळी हाताळतानाही तीच काळजी. केस गळतीसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर तेही सांगा, नाहीतर एकाच जातीची दोन औषधे पोटात जातात.

सगळ्यात जास्त घात होतो तो सर्दीच्या गोळीने. मेडिकलमधून सहज आणलेल्या बहुतेक मिश्रणांत फिनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असते. टॅमसुलोसिन जे स्नायू सैल करते तेच पहिले आवळते, दुसरे मूत्राशयाचा जोर कमी करते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने पूर्ण तुंबू शकते. सर्दीला वाफ घ्यावी, नाकात सलाइनचे थेंब घालावे आणि ताप-अंगदुखी असेल तर नुसती पॅरासिटामॉल मागावी.

रक्तदाबासाठी प्राझोसिन चालू असेल तर ते टॅमसुलोसिनच्याच कुळातले. दोन्ही एकत्र नकोत. ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल-टाडालाफिलनेही रक्तदाब खाली येतो. ‘ताकदीच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेले सापडले आहे, त्यामुळे त्याही टाळाव्यात. गजकर्णासाठी इट्राकोनाझोल लिहून देत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना या कॅप्सूलबद्दल सांगा. इट्राकोनाझोलने टॅमसुलोसिनची पातळी वाढते.

मोतीबिंदूच्या शिबिरात शुगर आणि बीपी विचारतात, प्रोस्टेटची गोळी विचारतीलच असे नाही. ती आपणहून सांगावी, पूर्वी घेऊन बंद केली असली तरीही. टॅमसुलोसिनने शस्त्रक्रियेत बाहुली आकसते आणि बुबुळाचा पडदा सैल पडून लटपटतो, असे २००५ मध्ये पहिल्यांदा नोंदले गेले. चार दिवस आधी गोळी सोडून हा धोका टळत नाही. सर्जनला आधी ठाऊक असेल तर तो तयारीनिशी हात घालतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात ड्युटास्टेराइडची मऊ कॅप्सूल वितळून चिकटू शकते. गाडीत किंवा न्हाणीघरात ठेवू नका; आकार बिघडलेली घेऊ नका.

लघवीची जोरात भावना आहे, ओटीपोट फुगून दुखते आहे आणि थेंबही उतरत नाही, तर जादा कॅप्सूल घेऊन वाट पाहत बसू नये. त्याच तासाला रुग्णालयात जाऊन नळी घालून घ्यावी. थंडी वाजून ताप, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, बेशुद्धी किंवा चार तासांहून जास्त टिकलेली दुखरी ताठरता, यांसाठीही रात्र उलटू देऊ नये.