एकट्याच्या रात्रप्रवासाआधी दुपारची झोप: मरीना, बोया की नांगर?

शिडाची नौका एकट्याने हाकत रात्रभराच्या प्रवासाला निघणारा माणूस बहुधा दुपार कलल्यावर बाहेर पडतो. ताशी ५ सागरी मैलांच्या वेगाने ६० ते ७० मैल कापायला १२ ते १४ तास लागतात, आणि अनोळखी बंदरात उजेडातच शिरावे, हे सांगायला कोणी जाणकार लागत नाही. त्यामुळे आदल्या रात्रीची झोप कितीही चांगली झाली, तरी प्रवासाला उपयोगी पडते ती त्याच दिवशीची दुपारची झोप. मुक्कामाच्या जागांची परीक्षा मात्र जवळजवळ नेहमी तिथली रात्र कशी जाते, यावरून केली जाते. येथे दुपारी १ ते ४ हाच काळ कसोटीसाठी धरला आहे, आणि त्या कसोटीवर जागांचा क्रम पुष्कळ बदलतो.

सतत १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होते तितकी खालावते, असे डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. सकाळी ६ वाजता उठलेल्या नाविकाचे १७ तास रात्री ११ वाजता भरतात, म्हणजे पहाटेची सर्वांत अवघड वेळ अजून पुढेच असते. समुद्रावर नजर ठेवण्याचे काम वाटून घ्यायला दुसरे कोणी नाही, आणि टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम तर प्रत्येक नौकेवर सदैव पहारा असावा असे म्हणतो. तेव्हा नियमाला धक्का न लावता मिळणारी झोप निघण्यापूर्वीच घ्यावी लागते.

मरीना, म्हणजे नौका धक्क्याला बांधून ठेवण्याचे छोटे बंदर, हे सर्वांत सोयीचे ठिकाण, यात शंका नाही. पाणी, वीज, इंधन, बाजारहाट, सारे हाताशी असते आणि नौका जागची हलत नाही. पण दुपारी हीच सोय आड येते. शेजारच्या नौकांवर कोणी घासत असते, कोणी ड्रिल चालवत असते, पाँटूनवरून, म्हणजे तरंगत्या धक्क्यावरून, पावले वाजत राहतात, आणि वारा वाढला की डोलकाठ्यांवर आपटणाऱ्या दोरांची टकटक सुरू होते. नौका बांधलेली असल्यामुळे ती वाऱ्याकडे तोंड करू शकत नाही. वारा मागून येत असेल, तर पुढच्या झडपेतून हवा आत येत नाही आणि केबिन तापते. याहून मोठी अडचण निघताना येते. स्वच्छ हवेत समुद्रावरून येणारे खारे वारे दुपारीच जोर धरतात, आणि नेमक्या त्याच वेळी झोपेतून उठलेल्या एकट्या माणसाला आडव्या वाऱ्यात दोर सोडून अरुंद जागेतून नौका बाहेर काढावी लागते. मरीनाला जलद्वार किंवा ओहोटीत पाणी अडवून धरणारा उंबरा असेल, तर झोपेची वेळ भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाला बांधली जाते, ते वेगळेच.

बोयावर, म्हणजे तळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या गोळ्याला नौका बांधून, मुक्काम करणे मला त्याहून अधिक पसंत आहे. तिथे नौका वाऱ्याबरोबर फिरते, पाऊलवाट शेजारून जात नाही, आणि निघायचे म्हणजे नाळेवरचा, नौकेच्या पुढच्या टोकाचा, एक दोर सोडायचा. दोष एकच, पण गंभीर: बोयाखाली काय आहे ते दिसत नाही. तळाशी बसवलेल्या ठोकळ्याचे वजन किती, साखळी कितपत झिजली आहे, शेवटची तपासणी कधी झाली, याची उत्तरे देणारी व्यवस्था असेल तेथेच निर्धास्त झोप लागते. वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून असेल, तर बोया नौकेच्या कडेवर धडधड आपटतो, आणि तो आवाज नेमका उशीखाली ऐकू येतो.

माझे पहिले मत मात्र नांगरालाच आहे, जागा नीट पारखली असेल तर. पारख दुपारच्या वाऱ्याची हवी. सकाळी मतलई वाऱ्यात आरशासारखे शांत असलेले वळण दुपारी खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी येते आणि किनारा नौकेच्या पाठीशी राहतो. तिथे झोपणे म्हणजे अर्धा डोळा उघडा ठेवणे. जवळून सहलीच्या वेगवान बोटी जात असतील, तर तीही जागा बाद. दूरवरून येणारी लांब लाट भूशिराला वळसा घालून आडवी आत शिरते का, हेही पाहावे, कारण वारा अडला तरी ती अडत नाही. साखळीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करावा: खोली ५ मीटर, नाळेची उंची १ मीटर आणि पाणी आणखी २ मीटर चढणार असेल, तर ८ मीटरच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर साखळी. नांगर घसरल्याची सूचना देणाऱ्या उपकरणाचे वर्तुळ फार लहान ठेवले, तर प्रवाह उलटताच ते उगाच उठवते. साखळी आणि नौका यांची लांबी मिळवून वर थोडी सूट द्यावी. नांगरल्यावर, नौका नांगरलेली असल्याची खूण म्हणून, काळा गोळा चढवायला विसरू नये, दिवस असला तरी.

नांगर उचलण्याचे कष्ट खरे आहेत. चिखलाने माखलेली साखळी आत घेत सुकाणू आणि नाळ यांमध्ये एकट्याने धावावे लागते. जाग आल्यावर सुस्ती उतरायला साधारण अर्धा तास जातो, म्हणून गजर निघण्याच्या वेळेचा न लावता त्याच्या बऱ्याच आधीचा लावावा आणि तोवर साखळीला हात घालू नये.

किनाऱ्यावरची खोली थोडक्यात आटोपतो. पलंग हलत नाही, पण अनोळखी जागेतली पहिली झोप उथळ असते, हे झोपेच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. शिवाय नौका नजरेआड असते. आदल्या रात्रीसाठी ठीक, दुपारसाठी नाही.

म्हणून माझी शिफारस दोन मुक्कामांची आहे. आदला दिवस व रात्र मरीनात काढून पाणी, इंधन, शिडे, दोर यांची सारी कामे तिथेच संपवावीत, आणि सकाळचा वारा मंद असतानाच बाहेर पडून खाडीच्या तोंडाजवळ, नौकांच्या ये-जा करण्याच्या मार्गिकेपासून दूर, नांगर टाकावा किंवा तपासलेला बोया घ्यावा. तशी जागाच नसेल, तर मरीनाच्या कचेरीला विचारून दुपारपूर्वी बाहेरच्या टोकाच्या पाँटूनवर, नाळ बाहेरच्या दिशेला करून, नौका हलवून घ्यावी. गडबड तिथेही ऐकू येईल, पण निघताना वळण घ्यावे लागणार नाही.