एक्सप्रेसकार्डची 'चिप' आणि माझे 5,150 रुपये

तपासणीचे 350, 'चिप'चे 4,200, मजुरीचे 600. एकूण 5,150 रुपये मी रोख मोजून दिले, आणि बदललं काय, तर बायोसमधली, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरची, एक सेटिंग!

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या, 2006 सालच्या तीन मिनीडीव्ही (कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) टेप लॅपटॉपवर उतरवायच्या होत्या. कॅमेऱ्याला फायरवायर हे जुन्या पद्धतीचं केबल-पोर्ट लागतं, माझ्या सेकंडहँड थिंकपॅड एक्स 220 लॅपटॉपला ते नाही. म्हणून लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत बसवून ते पोर्ट देणारं 1,450 चं एक्सप्रेसकार्ड आणलं. खाचेत नीट बसलं, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पत्ताच नाही. पिवळं चिन्हसुद्धा नाही. (ड्रायव्हरचा घोळ असला तर बहुधा ते तरी दिसतं. काहीच दिसत नसेल तर आधी बायोस उघडा, दुकान नंतर.)

इंदूरच्या राजवाड्याकडच्या दुकानात पोरगा म्हणाला, "भिया, स्लॉट की कंट्रोलर चिप उड़ गई, बोर्ड खोलना पड़ेगा." तासाभरात कार्ड सुरू.

आता ऐका. रॅम बदलली तेव्हा तळाच्या स्क्रूवर मी नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. काउंटरवर लॅपटॉप उलटा केला, तो ठिपका जसाच्या तसा! तडा नाही, ओरखडा नाही. स्क्रू न काढता बोर्ड कसा उघडला? हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता आणि मी तो गिळला. मागे चार गिऱ्हाइकं उभी, समोर कार्डाचं नाव दिसतंय, डोक्यात आईच्या टेप. बँकेत 31 वर्षं खोट्या सह्या पकडल्यात मी, बावळट नाही. पण त्या मिनिटाला गप्प बसलो, ते आजही झोपू देत नाही.

रविवारी भाचा आला. सुरू होताना एफ 1 दाबून सिक्युरिटी, मग आय/ओ पोर्ट ॲक्सेस. एक्सप्रेसकार्ड बंद केलं, कार्ड गायब. चालू केलं, हजर. कंपन्यांतून निघालेल्या लॅपटॉपवर ही खाच बंद केलेली असते म्हणे. आणि तसली कंट्रोलर चिप जुन्या पीसीएमसीआयए कार्डांना लागायची. एक्सप्रेसकार्ड सरळ लॅपटॉपच्या आतल्या पीसीआय एक्सप्रेस किंवा यूएसबी 2.0 जोडणीवर चालतं. म्हणजे बदलायला चिप नव्हतीच. काढलेला जुना पार्ट हातात मागा, तिथेच खोटं उघडं पडतं.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथे म्हणाले, "कार्ड चल रहा है ना? फिर धोखा कैसा?" सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले व्यवहार ऑनलाइन नाही, परत ठाण्यात जा. तीन चकरा, उन्हात दीड तास बाकावर, अर्ज घेतला पण पोच देईनात. रक्कम लहान म्हणून चोरी लहान होते का? पेन्शनीतून गेलेत ते पैसे! पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. तिथे जाणारच आहे. पण पक्कं बिल मागितलं तेव्हा दुकानातला पोरगा "18 टक्के जीएसटी लगेगा" म्हणाला आणि मी चिठ्ठीवर भागवलं. त्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही.