व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कसाठी बीटीआरएफएस की एक्सएफएस?

लिनक्सवर केव्हीएम (संगणकात आणखी एक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम, चालवण्याची सोय) टाकून त्यात विंडोज चालवणाऱ्यांची पुण्यात आता वाण नाही. हिंजवडीत नोकरी करणारे ऑफिसच्या एखाद्या सॉफ्टवेअरसाठी चालवतात, पेठांतले कर सल्लागार टॅलीसाठी. रॅम किती द्यायची, कोर किती द्यायचे यावर भरपूर चर्चा होते. पण व्हीएमच्या डिस्कची इमेज, म्हणजे ती अख्खी डिस्क साठवणारी एक मोठी फाइल, ज्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइल मांडायच्या पद्धतीवर) बसते, तिच्याकडे लक्ष जातं ते व्हीएम रखडायला लागल्यावर. बीटीआरएफएस आणि एक्सएफएस या लिनक्सच्या दोन फाइल सिस्टिम; मी दोन्हींवर बराच काळ काम केलंय, त्यामुळे निवड करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी एक वाट बंद करू. ड्युअल बूट (एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स) असणारे बरेच जण इमेज एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या, सामायिक पार्टिशनवर ठेवू पाहतात. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, एनटीएफएस३ ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, तरी हे नको. विंडोज फास्ट स्टार्टअपने (म्हणजे पूर्ण नाही, अर्धवटच) बंद झालं असेल तर लिनक्सला ते पार्टिशन नीट मिळत नाही. एक्सफॅटवर (पेनड्राइव्हवर सहसा असते ती फाइल सिस्टिम) तर मालकी आणि परवानग्या साठवायची सोयच नाही. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) इमेजची मालकी क्यूईएमयूच्या (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) युजरला देऊ पाहतं आणि ‘परवानगी नाकारली’वर गाडी अडते. शिवाय तिथे विरळ फाइल चालत नाही, म्हणून ८० जीबीची रॉ इमेज आत काही नसतानाही पूर्ण ८० जीबी खाते. बॅकअपला ठीक, चालवायला नाही.

आता खरा प्रश्न. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्स वितरणात २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस आपोआप येते, ओपनसूसमध्ये त्याही आधीपासून. होस्टसाठी, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते त्या मूळ लिनक्ससाठी, मला ती मनापासून आवडते. स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती), कॉम्प्रेशन, प्रत्येक ब्लॉकचं चेकसम (डेटा बिघडला तर ओळखू देणारी खूण). अपडेट बिघडलं तर मागे जाता येतं, हे ज्याने अनुभवलंय तो सहसा परत फिरत नाही.

व्हीएमच्या इमेजचा स्वभाव मात्र वेगळा. एका मोठ्या फाइलमध्ये दिवसभर इथे चार केबी, तिथे सोळा केबी असं लिहिणं चालू असतं. बीटीआरएफएसच्या कॉपी-ऑन-राइट पद्धतीमुळे यातलं प्रत्येक लिखाण नव्या जागी जातं आणि फाइलचे तुकडे पडत जातात. विंडोजचं एखादं मोठं अपडेट झाल्यावर ‘फाइलफ्रॅग’ ही तुकडे मोजणारी आज्ञा चालवून पाहा, आकडा सहज हजारांत जातो. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) असेल तर कदाचित फारसं जाणवणार नाही. फिरत्या डिस्कवर मात्र व्हीएम सुरू व्हायलाच चहा होतो.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘चॅटर +सी’ ही आज्ञा, म्हणजेच त्या फाइलपुरतं कॉपी-ऑन-राइट बंद. माझा निर्णय झाला तो इथेच. हा गुणधर्म फक्त रिकाम्या फाइलला लागतो. फोल्डरला लावला तर पुढे तिथे तयार होणाऱ्या फाइलना मिळतो, आधीच्या फाइलना नाही. इमेज त्याच सबव्हॉल्यूममधल्या (बीटीआरएफएसमधल्या स्वतंत्र विभागातल्या) दुसऱ्या फोल्डरमधून ‘एमव्ही’ने आणली तर तो लागतच नाही, कारण फक्त नाव बदलतं, फाइल तीच राहते. गुणधर्म दाखवणारी ‘एलएस-अ‍ॅटर’ आज्ञा फोल्डरसमोर सी दाखवते, आतल्या इमेजसमोर नुसत्या रेघा. काम करायचं तर रिफ्लिंक (डेटा न उतरवता जुनेच ब्लॉक सामायिक ठेवणारी प्रत) टाळून नवी प्रत काढावी लागते. लिबव्हर्ट ६.६ पासून बीटीआरएफएसवर नवा पूल (इमेज ठेवायची जागा) बनवताना हे आपोआप करतं, हे खरं. पण आपल्या होममध्ये हातांनी ठेवलेल्या इमेजला त्याचा उपयोग नाही.

आणि गुणधर्म नीट लागला तरी काय होतं? त्या फाइलचं चेकसम जातं, कॉम्प्रेशन जातं. बीटीआरएफएस ज्यासाठी घेतली तेच गेलं. वर त्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेतला की प्रत्येक ब्लॉकवरचं पुढचं पहिलं लिखाण पुन्हा नव्या जागीच जातं. तासातासाला स्नॅपर (आपोआप स्नॅपशॉट घेणारं साधन) चालवणाऱ्याच्या यंत्रात मग तुकडेही वाढतात आणि इमेजचे जुने ब्लॉक अडकून डिस्कही भरते. जागा संपली की क्यूईएमयू व्हीएमला तिथल्या तिथे थांबवतं. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचं असताना टॅलीचं विंडोज असं गोठलं, तर त्या ऑफिसात काय होईल ते सांगायला नको.

एक्सएफएसवर यातलं काहीच सांभाळावं लागत नाही. फाइल जिथे आहे तिथेच लिहिली जाते. क्लोनिंगलाही अडत नाही: रिफ्लिंक २०१९ पासून मुळातच चालू असतो, त्यामुळे तयार विंडोजच्या ६० जीबी इमेजची प्रत ‘सीपी’ला रिफ्लिंकचा पर्याय देऊन क्षणात निघते. दोन प्रतींत सामायिक असलेल्या भागावर पहिल्यांदा लिहिताना एक्सएफएसही नवी जागा घेते, पण तेवढंच. ईएक्सटी४ वरही व्हीएम छान चालते, फक्त ही क्लोनिंगची सोय तिथे नाही.

उणीवही सांगायला हवी. एक्सएफएसमध्ये चेकसम असतं ते मेटाडेटाचं (फाइलबद्दलच्या माहितीचं), डेटाचं नाही. डिस्क गुपचूप एखादा बिट फिरवून बसली तर एक्सएफएस ते सांगणार नाही. तुमच्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचं असेल आणि रॅम भरपूर असेल तर झेडएफएस या डेटाचंही चेकसम ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमचा विचार जरूर करा. मी तिच्यापासून लांब राहिलो, कारण परवान्यामुळे ती मूळ कर्नलमध्ये नाही आणि फेडोरासारख्या घाईच्या वितरणात कधी कधी नवा कर्नल आधी येतो, तिचं मॉड्यूल मागून.

सगळी डिस्क आधीच बीटीआरएफएस असेल आणि नवं पार्टिशन करायची तयारी नसेल, तर इमेजसाठी वेगळं सबव्हॉल्यूम करा, ते रिकामं असतानाच सी लावा आणि स्नॅपरच्या यादीबाहेर ठेवा. एवढं केलं तर बहुतेकांचं निभावतं. नवी एसएसडी घेणार असाल तर मात्र मी होस्ट बीटीआरएफएसवर आणि इमेज एक्सएफएसवर असंच सुचवेन. माझ्याकडे तसंच आहे. एक्सएफएस नंतर वाढवता येते, पण आकसवता येत नाही असंच धरून चाला. म्हणून ती एलव्हीएमवर (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणाऱ्या सोयीवर) घ्या, सुरुवातीला गरजेपुरतीच जागा द्या आणि बाकीची व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात, मोकळी राहू द्या.