दोन आठवड्यांचा प्री-कॉलेज प्रोग्रॅम: दार पक्कं, औषधाचं कपाट नको तितकं पक्कं

आमचा चिरंजीव सोळा वर्षांचा. यंदा जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या प्री-कॉलेज प्रोग्रॅमला (शाळकरी मुलांना कॉलेजची चव देणारा उन्हाळी वर्ग) दोन आठवडे राहून आला. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार आहे आणि ती त्यांनी शेवटी ऐकूनही घेतली. इथे न्यू जर्सीत तीन-चार मैत्रिणींनी "पाठवावं का गं?" म्हणून विचारलं, तर म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं. शिकवलं काय, याबद्दल मी बोलत नाही. त्याने पूल बांधला, पूल पडला, त्याला मजा आली. फी मात्र डोळे पांढरे करणारी आहे.

आधी माझी अडचण सांगते. मी सांगलीची. शेंगदाण्याचं कूट पडल्याशिवाय आमच्याकडे भाजीला भाजी म्हणत नाहीत. आणि नेमका माझ्याच पोराला शेंगदाणा चालत नाही. दोन वर्षांचा असताना आजीने प्रेमाने लाडवाचा तुकडा भरवला आणि ती रात्र आम्ही हॉस्पिटलात काढली. तेव्हापासून एपिपेनची, म्हणजे ॲलर्जीचा झटका आला की लगेच टोचायच्या इंजेक्शनची, जोडी सतत त्याच्याजवळ असते.

पैसे भरायच्या आधी मी फोन करून प्रश्न विचारले. किती मुलांमागे एक आरए (मुलांसोबत राहून त्यांच्यावर लक्ष ठेवणारा)? उत्तर आलं, बारा. अमेरिकन कॅम्प असोसिएशन निवासी कॅम्पसाठी १५ ते १८ वयाच्या दहा मुलांमागे एक माणूस सांगते. बरं, रात्री किती? यावर फोनवर शांतता. दुसऱ्या दिवशी ईमेल आली की प्रत्येक मजल्यावर दोन आरए झोपतात. आरए म्हणजे तरी कोण, तिथलीच एकोणीस-वीस वर्षांची कॉलेजची पोरं. पण त्यांची कागदपत्रं चोख होती. राज्य पोलिसांचा दाखला, बालअत्याचाराच्या नोंदींचा दाखला आणि बोटांच्या ठशांवरून एफबीआयची तपासणी, तिन्ही. २०११ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाच्या माजी सहायक फुटबॉल प्रशिक्षकावर मुलांच्या शोषणाचे गुन्हे दाखल झाले, त्यानंतर या राज्याने हे कायदे बरेच कडक केले. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसणार नाही आणि खासगी मेसेज करणार नाही, हे त्यांनी लेखी दिलं. यात पैकीच्या पैकी.

पोचवायला गेलो त्या दिवशी उन्हाचा तडाखा होता आणि डॉर्म (वसतिगृह) जुनी, एसी नसलेली. प्रत्येकाच्या काखेत टेबलफॅन. सामान वर न्यायला सोपं पडावं म्हणून कुणीतरी बाजूच्या दाराला फॅनचा खोका अडकवून ते सताड उघडं ठेवलं होतं. नवरा म्हणाला, "असू दे, सगळे आईबापच तर आहेत." मला नाही राहवलं. याच राज्यात, लीहाय विद्यापीठात, १९८६ मध्ये जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या मुलीचा तिच्या डॉर्मच्या खोलीत खून झाला. आपोआप बंद होणारी दारं तेव्हाही कुणीतरी अशीच अडकवून ठेवली होती. तिच्या आईवडिलांनी लढून १९९० मध्ये कायदा करवून घेतला, म्हणून आज कुठल्याही कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची रोजची नोंदवही आपण मागून वाचू शकतो. (मी वाचली. बहुतेक सायकलचोऱ्या होत्या.) आरएला दाराबद्दल सांगितलं. तो ओशाळला, खोका काढला आणि दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसला. पोरगं गुणी.

आता मुख्य तक्रार. नर्सच्या टेबलावर सगळ्यांची औषधं गोळा करत होते. पिशवीत घालायची, नाव लिहायचं, तळमजल्यावरच्या ऑफिसात कपाटाला कुलूप. सर्दीच्या गोळ्यांना ठीक आहे. पण तिने एपिपेनलाही हात पुढे केला! मुलाची खोली चौथ्या मजल्यावर. रात्री किल्ली ड्यूटीवरच्या आरएकडे, आणि तो असेल तिथे असेल. घसा सुजायला लागल्यावर हातात मिनिटं असतात. ती पुन्हा पुन्हा "पॉलिसी" म्हणत होती आणि मी पुन्हा पुन्हा डॉक्टरांचा लेखी प्लॅन पुढे सरकवत होते. माझ्यामागे रांग वाढली, चिरंजीव लाजेने जमिनीकडे बघत होते. तब्बल चाळीस मिनिटांनी डायरेक्टरबाई आल्या, कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे त्याच्याजवळच राहायला हवं." नेहमीची जोडी त्याच्या कंबरेच्या पाऊचमध्ये, जास्तीची ऑफिसात. दम्याचे पंपही मुलांना परत दिले. हे फॉर्म भरतानाच का नाही झालं? फॉर्ममध्ये ॲलर्जीचा रकाना होता, मी तो भरला होता, कुणी वाचला नव्हता.

मजल्यावरच्या आरएला विचारलं, वापरता येतं का? म्हणाला, व्हिडिओ बघितलाय. मग सुई नसलेलं सरावाचं पेन काढून तिथेच जिन्यात त्याच्याकडून तीनदा करून घेतलं: निळं टोक आकाशाकडे, केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरूनही चालतं, आणि लगेच ९११ या तातडीच्या नंबरला फोन. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जायचंच, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो. तुमचं मूल जाणार असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. हे पेन २० ते २५ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. बिनएसीच्या खोलीत जुलैत ते कसं राहणार? आम्ही उष्णता रोखणारं पाऊच दिलं होतं.

मेसमध्ये ॲलर्जीच्या पाट्या नीट लावलेल्या होत्या, पण पीनट बटरची बरणी ब्रेडच्या शेजारीच, आणि चमचे इकडचे तिकडे. ती मात्र दोन आठवड्यांत कुणी हलवली नाही.

बाकी शिस्त होती. साडेदहाला खोल्यांची हजेरी. तेव्हा सांगलीत सकाळचे आठ, त्यामुळे आजीचा व्हिडिओ कॉल रोज नेमका हजेरीत. आरएला आजी पाठ झाली. एकदा विजा कडाडल्या, तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदान बंद. चिरंजीव वैतागले, मी खूश.

आणि मामाचा किस्सा. माझा भाऊ फिलाडेल्फियाला असतो. शनिवारी डबा घेऊन, न सांगता भाच्याला जेवायला न्यायला गेला. फॉर्मवर नाव आमच्या दोघांचंच. तासभर वाद घातला, मला फोन लावून दिला, भाचा समोर उभा राहून "मामा" म्हणतोय, तरी नाही. फोनवरचा होकार चालत नाही, ऑफिसात नोंदलेल्या आमच्या ईमेलवरून लेखी हवं, तेही आदल्या दिवशी. मामा-भाचे लॉबीत बसून, आरएच्या देखत पुरणपोळी खाऊन उठले. भाऊ अजून फणफणतोय. मी मात्र याचा एक तारा जास्त दिलाय.

पाचपैकी चार. घ्यायला गेलो तेव्हा तोच दारात बसलेला आरए होता. माझ्याकडून पेन शिकलेला, आजीला ओळखणारा. हसून "हाय मिसेस" म्हणाला आणि हात पुढे केला: "तुमचं ओळखपत्र?"