छत्री धरली की पावले गहाळ: सीओपीडीच्या रुग्णाचा स्मार्ट घड्याळाचा अनुभव

पणजीतील सर्व्हिस सेंटरने माझे घड्याळ ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून पुन्हा एकदा परत केले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. स्क्रीन, बॅटरी आणि दिसणे यांविषयी इतरांनी पुरेसे लिहिले आहे. मला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे आणि हे घड्याळ मी केवळ रोजचे चालणे मोजण्यासाठी घेतले. नेमके तेवढेच काम ते पावसाळ्यात करीत नाही.

मनगटावरचे घड्याळ पाऊल पाहत नाही. हाताच्या झोक्याची लय ओळखून ते पावलांचा हिशेब मांडते. गोव्यात जून ते सप्टेंबर घराबाहेर पडायचे म्हणजे एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. घड्याळाच्या हातात छत्री छातीशी घट्ट धरून मी देवळाच्या सभामंडपापर्यंत मनातल्या मनात शंभर पावले मोजली. घड्याळात त्यांतली तीससुद्धा उमटली नाहीत. बरे, दोष एकट्या छत्रीचा नाही. दम लागणारा माणूस मुळातच सावकाश चालतो, त्यामुळे त्याचा झोका क्षीण असतो, आणि काठी, वॉकर किंवा जिन्याचा कठडा धरला की तोही उरत नाही. म्हणजे पावलांचा हिशेब ज्याला खरोखर हवा, त्याचाच हिशेब कच्चा. काउंटरवरील तरुणाने ‘काका, चालताना हात हलवा’ असा सल्ला दिला. भर पावसात छत्री झुलवत चालणारा म्हातारा पाहण्याची त्याची इच्छा मला पुरी करता आली नाही.

एवढा त्रागा का, असे कोणी विचारील. या आजारात दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंना त्याच कामासाठी अधिक श्वास खर्चावा लागतो, त्यामुळे पुढच्या वेळी दम आणखी लवकर लागतो. चालण्याने फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत, पण हे चक्र सैल होते. अशा रुग्णांत दिवसाकाठी ६०० ते ११०० पावलांचा फरकही अर्थपूर्ण मानला जातो. मग घड्याळच शेकड्यांनी पावले गिळत असेल, तर सुधारणा झाली की घसरण, हे ठरवायचे कशावरून? त्यात कंपनीने आधीपासून लावून ठेवलेले लक्ष्य दहा हजारांचे. हा आकडा १९६० च्या दशकात एका जपानी पाऊलमापकाच्या विक्रीतून रूढ झाला. तो डॉक्टरांनी आमच्यासाठी ठरवलेला नव्हे. मी तो पहिल्याच आठवड्यात खाली आणला, कारण रोज रात्री ‘लक्ष्य अपूर्ण’ वाचून उद्याची उमेद वाढत नाही.

येथपर्यंतचा मजकूर मी गणेशचतुर्थीच्या आधी लिहून ठेवला होता आणि शेवटी एकच तारा देणार होतो. त्यानंतर आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी घड्याळ घोट्याला बांधून पाहण्यास सांगितले. मूळ पट्टा तेथे पुरेना, आणि कंपनीचा लांब पट्टा घ्यायचा तर किंमत ऐकूनच धाप लागावी; म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून साधा वेलक्रोचा पट्टा आणला. आता छत्री असो वा पिशवी, माझी मोजणी आणि घड्याळाची मोजणी जवळपास जुळते. घोट्यावर नाडीचे आकडे भरवशाचे येत नाहीत, पण त्यांचे मला तसेही अप्रूप नव्हते. मनगटावर असताना, सकाळी नेब्युलायझर घेऊन मी खुर्चीत स्वस्थ बसलो होतो, तेव्हा या घड्याळाने वाढलेली नाडी पाहून ‘जोमदार व्यायाम’ केल्याबद्दल माझे अभिनंदन केले होते. नेब्युलायझरमधल्या सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाने नाडी वाढते, हे त्याला कोण सांगणार!

ऑक्सिजनच्या आकड्यासाठी मात्र कोणी हे घेऊ नये. चालताना मनगटावरचा आकडा हेलकावे खातो, आणि माहितीपत्रकाच्या शेवटी, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असे कंपनीनेच छापले आहे. त्यासाठी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात ठेवावा आणि किती आकड्याखाली थांबायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. चालण्याचा वेगही मी घड्याळावरून ठरवत नाही; चालता चालता एक वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता आले तर थोडा जोर वाढवावा, एवढे पुरते.

अनपेक्षितपणे आवडली ती तासभर बसल्यानंतर उठण्याची आठवण करून देणारी घड्याळाची थरथर. टीव्हीसमोरून उठून अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊन येणे त्यामुळे अंगवळणी पडले. दुपारी दोन ते चार ती बंद ठेवता येते, हे गोव्यातील ग्राहकांच्या दृष्टीने कंपनीचे सर्वांत शहाणपणाचे काम होय.

तूर्त तीन तारे. त्यांतला एक वेलक्रोच्या पट्ट्याचा आहे. बाहेरचा पट्टा लावल्याने वॉरंटी जाते का, असे मी ईमेलने विचारले आहे. उत्तर आल्यावर तारे वाढवायचे की कमी करायचे ते बघू.