सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड: व्हिनाइलखाली उत्तम, नहाणीच्या उतारावर नको

दोन मिलिमीटरचं व्हिनाइल (फरशीवर चिकटवायचं प्लास्टिकचं आच्छादन) काहीच लपवत नाही. खाली जुन्या टाइलचे सांधे असतील तर काही दिवसांत त्यांच्या रेघा वर उमटतात. त्यासाठी सिमेंट बेसचं सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे पाण्यात कालवून ओतलं की आपोआप पसरून सपाट होणारी पावडर (२० किलोची बॅग), हा खरोखर चांगला माल आहे. जिप्सम बेसचं बाथरूमसाठी घेऊ नका. गवंडी ‘नुसती सिमेंटची स्लरी फिरवून देतो’ म्हणेल, त्यालाही नको म्हणा. पातळ थरात ती तडकते, भुगा होतो आणि व्हिनाइल गोंदासकट सुटतं.

पण हा माल पातळी धरतो, आणि बाथरूममध्ये नेमका तोच त्याचा दोष. आपल्याकडे फरशी नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) उतरती असते, मीटरला साधारण एक सेंटिमीटर. त्यावर हे ओतलं की उतार संपला आणि पाणी तुंबलं. म्हणून ते फक्त बेसिन-कमोडच्या कोरड्या भागात वापरा. शॉवरखालचे खड्डे पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर घातलेल्या सिमेंटच्या घट्ट मसाल्याने), थापीने, उतार राखून भरा. तिथे व्हिनाइल लावूच नये, हे आमचं मत.

हे वॉटरप्रूफिंगही नव्हे. आधी ट्रॅप बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्याचं छत बघा. फरशी वाळली की १८ इंच चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून किमान १६ तास ठेवा. खाली दव जमलं किंवा फरशी काळवंडली, तर काम थांबवा.

जुन्या टाइल ठोकून पोकळ वाजणाऱ्या काढा, खड्डे भरा, चकाकी ग्राइंडरने घालवा. ॲसिडने धुतलं असेल तर भरपूर पाण्याने पुन्हा धुवा, नाहीतर प्रायमर (कंपाउंडला पकड मिळावी म्हणून आधी लावायचा हात) धरत नाही. प्रायमर कंपनीने त्याच कंपाउंडसाठी सांगितलेलाच घ्या. गुळगुळीत टाइलला दाणेदार लागतो, शहाबादी किंवा कोब्याला साधा, पण बहुधा दोन हात.

हिशेब सोपा आहे: चौरस मीटरला, प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे, सुमारे १.७ किलो. २० चौरस फुटांत ३ मिलिमीटर थराला साडेनऊ किलो, म्हणजे अर्धी बॅग. उरलेली पावसाळ्यात जपून ठेवू नका, दमटपणाने गोळे होतात.

बादलीत आधी पाणी, मग पावडर. पाणी बॅगेवर लिहिलंय तेवढंच, मापून. मजूर हमखास ‘जरा पातळ करू’ म्हणतो. तसं केलं की जड कण तळाशी बसतात, वर पांढरी कमकुवत साय येते आणि गोंद त्या सायीलाच चिकटतो. ड्रिलला पॅडल लावून दोन-तीन मिनिटं घोटा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा. यानंतर हातात पंधरा-वीस मिनिटंच असतात. ओतल्यावर काटेरी रोलर फिरवा, बुडबुडे जातात. पंखा आणि एक्झॉस्ट बंद ठेवा. वरचा थर आधी वाळला की केसासारख्या भेगा पडतात.

ओतण्याआधी उंबऱ्याला आणि कोरड्या-ओल्या भागाच्या सीमेवर फोमची पट्टी चिकटवा, पाइपभोवतालच्या फटी बुजवा. हा माल पाण्यासारखा धावतो, बारीक फटीतूनही खाली उतरतो. फरशी तीन मिलिमीटर वर येते, तेव्हा दरवाजा घासणार का तेही आधीच तपासा. चार तासांनी त्यावर चालता येतं, पण व्हिनाइल २४ तासांच्या आत नको. कोकणातल्या पावसात त्याहून जास्त थांबा.