लायोलची माशी आणि माझे ९५ युरो

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी ३१ वर्षं काढली. पोलाद, हार्डनिंग, ग्राइंडिंग यातच आयुष्य गेलं. त्यामुळे साधा खिशातला चाकू घेताना मी फसलो हे सांगायची लाजच वाटते. तरी सांगतोय, कारण युरोपची सहल करून आलेल्या ओळखीतल्या तिघांकडे अगदी तसाच चाकू पाहिला, आणि तिघेही तेव्हा मी होतो तितकेच खूश होते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुलाकडे फ्रान्सला गेलो होतो. तो क्लेरमों-फेराँला असतो. आधी चार दिवस पॅरिस, मग त्याच्याकडे तीन आठवडे, असा बेत. मला घडीचा चाकू हवाच होता. पेरू कापायला, सुतळी तोडायला, पाकिटं उघडायला. खटक्याचा नको, जाड नको. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी बसेल असा सडपातळ. पॅरिसमध्ये एका स्मरणवस्तूंच्या दुकानात काचेमागे वीसेक चाकू ओळीने मांडले होते. बारीक कमरेची मूठ, टोकदार पातं, पाठीच्या पट्टीवर छोटी मधमाशी. पात्यावर नाव कोरलेलं : लागिओल. मी त्याचा उच्चार 'लागुओले' केला. दुकानदाराने दुरुस्त केला नाही. हे मुळात एका फ्रेंच गावाचं नाव आहे आणि तिथे त्याला 'लायोल' म्हणतात, हे मला पुढे कळलं.

दुकानदार इंग्रजी छान बोलत होता. म्हणाला, मूठ खऱ्या शिंगाची, पातं स्वीडिश १२सी२७ पोलादाचं, सगळं हाताने घडवलेलं. नेपोलियनने त्या गावच्या लोकांना शौर्याबद्दल मधमाशीचं चिन्ह बहाल केलं, ही गोष्टही सांगितली. आधी त्याने कॉर्कस्क्रूवाला जाडा चाकू पुढे केला. मी तो नाकारून एकपाती निवडला आणि स्वतःच्या चोखंदळपणावर खूश झालो. लाकडी डबी, आत क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, ९५ युरो.

नवी वस्तू घरी जाऊनच वापरायची, ही आमच्या घरची खोड. त्यामुळे डबी चेक-इनच्या बॅगेत तळाशी गेली आणि तीन आठवडे उघडलीच नाही. त्या तीन आठवड्यांत मी तिएरपासून जेमतेम ४०-४५ किलोमीटरवर राहत होतो. तिएर म्हणजे फ्रान्समधलं चाकूंचं गाव, आणि फ्रान्समध्ये बनणाऱ्या लायोल चाकूंपैकी बरेचसे तिथेच बनतात. हेही मला पिंपरीला परतल्यावर कळलं.

आठवड्याभरात धार गेली. गेली म्हणजे बोथट झाली नाही, वळली. नखावर फिरवलं की एका बाजूला कंगोरा लागायचा. पोलाद मऊ असल्याची ही खूण मला नाही कळणार तर कोणाला? जुन्या कारखान्यात जाऊन पोलादाचा कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर पातं लावलं. आकडा आला ४६. या पोलादाचं पातं नीट पाणी दिलेलं असेल तर ५५ ते ५८ यायला हवं. मग सुई तापवून मुठीच्या आतल्या कडेला टेकवली. खऱ्या शिंगाला जळक्या केसांचा वास येतो. इथे प्लास्टिकची बादली जळाल्यासारखा आला.

मुलाला प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. त्याने वाचून फोन केला, "बाबा, यावर 'कोन्सू आं फ्रान्स' लिहिलंय. म्हणजे आराखडा फ्रान्समधला. बनवला कुठे, ते कुठेच नाही." वर 'लागिओल मॉडेल' असंही छापलेलं होतं.

दुकानाला ईमेल केला. तीन दिवसांत सभ्य उत्तर आलं : आमच्या कागदावर खोटं काहीही नाही, गैरसमजाबद्दल खेद, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत. शिंग आणि हाताने घडवल्याचं तोंडी सांगितलं होतं, ते माझ्याकडे लेखी नव्हतंच.

मग मी वाचायला बसलो. लायोल हे आव्हेरों भागातलं, ओब्राकच्या पठारावरचं गुराख्यांचं गाव. १८२९च्या सुमारास हा चाकू तिथे घडला. पुढे त्याला एक टोच्या जोडला गेला, तो पोट फुगलेल्या गाईचा वायू सोडायला वापरत. १८८०च्या सुमारास कॉर्कस्क्रू आला. नेपोलियन मात्र १८२१ सालीच वारला होता, आणि मधमाशी रुळली ती विसाव्या शतकात. एवढा साधा हिशोब मला दुकानात सुचला नाही. गंमत म्हणजे पट्टीच्या त्या टोकाला तिथले कारागीर 'मूश' म्हणतात, म्हणजे माशी. आपल्याकडेही माशी म्हटलं की दोन्ही आल्या.

खरी मेख नावात आहे. चाकूचं हे नाव कोणाच्याच एकट्याच्या मालकीचं राहिलं नाही. चीन-पाकिस्तानात बनलेल्या चाकूवरही ते असतं. १९९३ साली गावाबाहेरच्या एका व्यावसायिकाने ते नाव इतर ढीगभर वस्तूंसाठी नोंदवलं, आणि गावालाच स्वतःच्या नावासाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. २०१२ साली तर चिडलेल्या गावकऱ्यांनी वेशीवरची पाटीच उतरवली. त्यामुळे 'लायोल खरा आहे का' हा प्रश्नच चुकीचा. 'कोणी बनवला आणि कुठे' हे विचारायचं. चांगला कारागीर पात्यावर स्वतःचं नाव घालतो. माझ्या पात्यावर नुसतं गावाचं नाव होतं, म्हणजे कोणाचंच नाही.

पुढच्या वर्षी चाकू बरोबर घेऊन तिएरला गेलो. तिथल्या संग्रहालयात जुनी चित्रं आहेत : पाणचक्कीवर फिरणाऱ्या दगडासमोर कामगार पालथे झोपून पाती घासताहेत आणि त्यांच्या पायांवर ऊब म्हणून कुत्री बसली आहेत. मी तिथून लवकर हललो नाही. बाहेर एका कारागिराने माझा चाकू मिटलेला धरून उजेडाकडे केला. पट्टी आणि बाजूच्या पत्र्यांच्या मधून उजेड दिसत होता. उघडून पातं आडवं हलवलं, हललं. मग त्याचा स्वतःचा चाकू माझ्या हातात दिला. फट नाही, हेलकावा नाही. पट्टीवरची नक्षी कानशीने हाताने काढलेली, त्यामुळे दोन चाकूंत थोडा फरक होता. पॅरिसच्या काचेमागे वीसच्या वीस माश्यांचे पंख हुबेहूब सारखे होते, आणि मी डायमेकर असून ते पाहून 'काय सफाई आहे' म्हटलं होतं! माशी पट्टीतूनच घडवली आहे की वरून जोडली, हेही बघावं. पण नुसत्या जोडावरून निकाल देऊ नका. वरून जोडलेली माशी चांगल्या चाकूंवरही असते, असं त्यानेच सांगितलं.

त्याच्याकडून एक घेतला, १३० युरोंना. बिलावर 'फाब्रिके आ तिएर', म्हणजे तिएरमध्ये बनवलेला, आणि मुठीचं साहित्य हाताने लिहून घेतलं. तो हसला, पण त्याने लिहून दिलं.

पॅरिसचा चाकू आमच्या दारामागच्या टोपलीत आहे, कुरिअरच्या चिकटपट्ट्या कापायला. मागच्या पावसाळ्यात त्याची माशी सुटून पडली. फेविक्विकने परत बसवली आहे.